फिरत्या चौथऱ्यावरची गाडी

साखर कारखान्याच्या बैठकीत अर्जुनरावांनी दिल्लीच्या दौऱ्याची गोष्ट काढली तेव्हा छबुबाई खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी या दिवसांत उसाच्या गाड्यांची रांग कारखान्याच्या फाटकातून निघून पार सडकेपर्यंत गेलेली असायची. त्या साली आवार मोकळं पडलं होतं. धुराडं गार होतं आणि गव्हाणीत, जिथं उसाच्या मोळ्या पडायच्या तिथं, कुत्री झोपत होती. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. ऊसच नाही तर गाळायचं काय?

"दिल्लीला मोटारींचं लई मोठं प्रदर्शन भरतंय," चेअरमन अर्जुनराव संचालकांना सांगत होते. "जगभरच्या कंपन्या येतात. ऊस वाहतुकीच्या नव्या गाड्या बघू, उद्या काय येणार हाय ते बघू. अभ्यास दौरा म्हणून ठराव घेऊ. समद्यांनी यायचं." मग ते छबुबाईंकडे वळले. "वैनी, तुमी तर पाहिजेच. बायांच्या जागेवर निवडून आलात, कधी तालुक्याच्या भायेर न्हेलं न्हाई आमी तुमाला."

सगळे हसले. छबुबाईही हसल्या, पण दाताखाली खडा यावा तसं झालं. मागच्या बैठकीत याच टेबलावर त्यांचं आणि अर्जुनरावांचं वाजलं होतं.

वाजलं होतं ते विहिरीवरून. केज तालुक्यात, युसूफ वडगाव या गावाच्या पलीकडं सांगवडीच्या शिवारात छबुबाईंचं शेत. त्यात त्यांच्या नवऱ्यानं, सुंदररावांनी, हयात असताना खणलेली विहीर होती. त्या साली गावातले हातपंप नुसते खाकरत होते, नदीच्या वाळूत झिरे खणले तरी ओल लागत नव्हती. पण या विहिरीचा एक झरा काही केल्या आटला नव्हता. तहसीलनं ती गावाच्या पिण्यासाठी ताब्यात घेतली होती. सांगवडीची माणसं आणि माळावरच्या चारा-छावणीतली जनावरं तिच्यावरच तगली होती.

बांधाच्या पलीकडं कारखान्याचा बेण्याचा मळा होता. पुढच्या लागवडीसाठी राखलेला ऊस तिथं करपत चालला होता. अर्जुनरावांना तिथं खोल बोअर पाडायच्या होत्या. पिण्याच्या विहिरीजवळ बोअर पाडायला तहसीलची बंदी होती, पण अर्जुनरावांना बंदीची फारशी पर्वा नव्हती. खरी अडचण वेगळी होती. मळ्याच्या मागचा ओढ्यावरचा पूल खचला होता आणि बोअरची अवजड गाडी न्यायची तर छबुबाईंच्या शेतातूनच न्यावी लागणार होती.

"एकाच पोटातलं पाणी हाय साहेब," छबुबाई त्या बैठकीत म्हणाल्या होत्या. "तुमी तिकडं बोअर पाडली की माझी हीर बसली. गावानं काय प्यायचं? माझ्या शेतातनं वाट न्हाई. गाडी हवेतनं न्या."

अर्जुनराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. मान हलवत राहिले, मग त्यांनी छबुबाईंसाठी बिनसाखरेचा चहा मागवला. त्यांना साखरेचा त्रास आहे हे चेअरमनला ठाऊक असेल, असं छबुबाईंना कधी वाटलं नव्हतं.

घरी दौऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा शेजारची भामाबाई विहिरीवरून पाणी घेऊन जाता जाता थांबली होती. तिनं घागर कडेला ठेवली आणि म्हणाली, "पोळ्याला बैलाची शिंगं रंगवित्यात, पुरनपोळी चारत्यात. दुसऱ्या दिशी जू मानेवर असतंच. जपून जा."

"तसं काय न्हाई मावशे," बंकट मधेच बोलला. बंकट म्हणजे छबुबाईंचा एकुलता एक मुलगा. कारखान्याच्या गाड्यांवर हंगामी ड्रायव्हर होता. हंगामच नाही म्हणताना घरी बसून होता. दिवसचे दिवस तो कुणाशी धड बोलत नसे. त्या दिवशी मात्र तो आईसमोर येऊन बसला. "माय, जा तू. इमानात बसायला मिळतंय. हितलं मी बघतो की. मी हाय, अंजना हाय."

सून अंजना चुलीपाशी होती. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि परत भाकरी थापायला लागली.

बंकटनंच आईची पिशवी भरली. जायच्या सकाळी फाट्यापर्यंत पिशवी त्यानंच उचलून नेली. जीप आली तेव्हा अर्जुनराव खाली उतरले, बंकटच्या पाठीवर हात ठेवून त्याला दोन पावलं बाजूला घेऊन काहीतरी बोलले. छबुबाईंना वाटलं, पोराच्या नोकरीचं काही जमलं तर बरंच आहे.

विमानात त्यांना खिडकीची जागा दिली. वर गेल्यावर खालचा मुलूख दिसला, भाजलेल्या खापरासारखा. शेजारी आश्रुबा नाना बसले होते, कारखाना उभा राहिल्यापासूनचे संचालक. धोतर, टोपी, हातात काठी. एरवी गप्पिष्ट माणूस. पण त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. झोपले मात्र नव्हते. काठीवरची बोटं सारखी हलत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रदर्शनाला गेले.

छबुबाईंनी कपिलधारची जत्रा बघितली होती, परळीची शिवरात्र बघितली होती. पण ही जत्रा निराळीच होती. एकेक मांडव असा की त्यात अख्खी सांगवडी गुरावासरांसकट मावावी. वरून पांढरा लख्ख उजेड, खाली गालिचे, आणि उरात धडधडणारा बाजा. माणसांचा लोंढा एका दालनातून दुसऱ्या दालनात वाहत होता. सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. आणि मध्ये गाड्या. लाल, निळ्या, मोत्याच्या रंगाच्या. एकीवरही धुळीचा कण नाही. गाडीवर कुणाच्या बोटाचा ठसा उमटला की लगेच एक पोरगी पुढं होई, बाटलीतून फवारा मारून मऊ फडक्यानं पुसून काढी. छबुबाई तो फवारा बघत राहिल्या. दिवसभर किती पाणी जात असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनीच मनाला दटावलं की आल्यासारखं नीट बघावं.

एका दालनात फिरता चौथरा होता. त्यावर एक गाडी संथ फिरत होती. तिला आरसे नव्हते, कड्या नव्हत्या, पुढची काच कुठं संपते आणि टप कुठं सुरू होतो कळत नव्हतं. आत खुर्ची होती, पण पुढं सुकाणूच नव्हतं. ही विकायची गाडी नाही, उद्याची आहे, असं अर्जुनरावांच्या हाताखालच्या शहादेवनं वाचून सांगितलं.

"आन हाकणारा कुठं बसायचा बे?" आश्रुबांनी विचारलं.

"हाकणाराच न्हाई नाना. आपआपली चालती."

"मंग खड्ड्यात गेली तर शिव्या कुणाला द्यायच्या?"

शहादेव हसला. आश्रुबा हसले नाहीत. गाडी फिरत फिरत समोर तोंड करून आली, तिच्या कपाळावर निळ्या दिव्यांची पट्टी लागली, आणि छबुबाईंना उगाच वाटलं की तिनं आपल्याकडं बघितलं. त्यांनी पदर सावरला.

पुढच्या दालनात तर आणखी नवल होतं. तिथली गाडी कसल्याशा वायूवर चालत होती आणि तिच्यातून धुराऐवजी पाणी निघत होतं. कोट घातलेल्या एका मुलानं गाडीच्या मागच्या नळीखाली काचेचा पेला धरला. ठिबक ठिबक करत पेल्याच्या तळाशी पाणी साठलं. अगदी नितळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पिता येतं का?" छबुबाईंनी शहादेवला विचारायला लावलं.

मुलगा हसून हिंदीत म्हणाला की पिण्यासाठी नाही आजी, दाखवण्यासाठी आहे. त्यानं पेला उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि मागं ठेवलेल्या कुंडीत ओतून दिला. मग दुसऱ्या घोळक्यासाठी परत नळीखाली धरला. छबुबाईंनी कुंडीत वाकून बघितलं. सांगवडीत या वेळेला विहिरीवर बायांची रांग लागलेली असेल, अंजनानं मोटर चालू केली असेल. काल निघाल्यापासून घरी फोन केला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पिशवीतून मोबाइल काढला. पण त्या दणदणाटात कानाला लावून उपयोग नव्हता.

अर्जुनराव मात्र खुशीत होते. ते एका उंच काळ्या गाडीपाशी थांबले होते. आपली जुनी गाडी काढून हीच घ्यायची, असं त्यांचं ठरत आलेलं दिसत होतं. त्यांनी स्वतः दार उघडलं.

"वैनी, बसून बघा."

"मी कशाला साहेब? माझ्या पायाची धूळ लागंल."

"लागू द्या. आपल्याच भागाची धूळ हाय. बसा."

छबुबाई बसल्या. आसन इतकं मऊ की पाठ आपसूक टेकली. दार लागलं आणि बाहेरचा सगळा बाजा बंद झाला. इतकी शांतता त्यांनी दुपारच्या रानातही ऐकली नव्हती. काचेपलीकडं अर्जुनराव हसत होते, माणसांची तोंडं हलत होती, आवाज मात्र काही नाही. त्या शांततेत बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, की आपण आतून ओरडलो तर बाहेर कुणाला कळणार नाही.

अर्जुनरावांनी दार उघडलं, दारावर हात ठेवून वाकले. "शहादेव, घे बरं एक फोटो. वैनी, इकडं बघा. जरा हसा."

छबुबाई हसल्या.

"आन हो," अर्जुनराव फोटो झाल्यावर म्हणाले, "ह्या गाडीवर तुमचा बंकटच बसणार हाय. कायमचा. मी त्याला बोललोय."

छबुबाईंचा ऊर भरून आला. हात जोडावेत असं वाटलं. हात अर्धे वर आलेही. आणि मग एकेक गोष्ट मनात मागं मागं जायला लागली. हे बंकटला कधी बोलले? फाट्यावर? की त्याच्याही आधी? पोरानं आपल्याला का सांगितलं नाही? नोकरी लागली तर पोरगं आधी आईला सांगेल की नाही? त्यांनी हात खाली घेतले आणि गाडीतून उतरल्या.

आश्रुबा दालनाच्या कडेला एका बाकावर बसले होते. छबुबाई शेजारी जाऊन बसल्या. म्हाताऱ्यानं समोर बघत, ओठ न हलवल्यासारखं करून सांगितलं, "वैनी, घरी फोन लावा. हितनं भायेर जाऊन लावा."

"का वो नाना? काय झालं?"

"मला कावून इचारता? लावा म्हणलं ना." काठी टेकत ते उठले आणि गर्दीत शिरले.

छबुबाई लोकांना ढकलत बाहेर आल्या. बाहेर ऊन होतं आणि थंडगार वारा होता. मोबाइलवर अंजनाचे कालपासूनचे फोन येऊन गेलेले दिसत होते, एकाखाली एक. त्यांनी लावला. अंजनानं उचलला, पण आधी तिचा आवाज आलाच नाही. आली ती घरघर. जात्यात दगड सापडावा तशी, जमिनीच्या पोटातून येणारी.

"आत्या," अंजना ओरडून बोलत होती, "बोअरची गाडी आलीय. कालपासनं चालू हाय. मळ्यात."

"आली कुठनं? पुलावनं?"

पलीकडं नुसती घरघर.

"अंजना, आली कुठनं?"

"आपल्या शेतातनं. बांध फोडला. ह्येंनीच फोडला, ह्येंनीच गाडी म्होरं घातली. मी आडवी झाले तर मला हाताला धरून बाजूला केलं. काल एका बोअरला नुसती धूळ निघाली. आज दुसऱ्याला पाणी लागलं. लागलं तसं आपल्या हिरीतलं उतराया लागलं आत्या. मोटर हवा वढाय लागली. मी बंद केली."

"गावातली माणसं कुठं हायेत? माणसं बोलव."

अंजना घुटमळली. "माणसं येऊन गेली. मोबाइलात कायतरी बघितलं आन माघारी फिरली. कुणी काय बोललं न्हाई."

छबुबाईंना ते बोलणं नीट उमगलं नाही. गाव विहिरीवर जगतं आणि गाव काही बोलत नाही? फोन ठेवून त्या परत आत गेल्या. अर्जुनराव त्या काळ्या गाडीजवळच होते.

"साहेब, माझ्या शेतातनं गाडी कुणी न्हेली?"

अर्जुनरावांनी त्यांच्याकडं बघितलं. तोंडावरचं हसू तसंच होतं. "न्हेली न्हाई वैनी. तुमच्या लेकानं आणली. घरच्या माणसानं घरच्या शेतातनं आणली. त्यात मी कुठं आलो?"

"आमच्या हिरीचं पाणी उतरलंय."

"बेणं जगलं तर कारखाना जगंल. कारखाना जगला तर तुमचं गाव जगंल. तवर टँकर हायेत की. मी काय कुणाला तहानलेला ठेवतो व्हय?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी मोठ्या मनाच्या. पोराचं कल्याण झालंय, त्याच्याकडं बघा. आता चला, तिकडं नव्या ट्रका लावल्यात."

छबुबाईंना तिथून निघायचं होतं. पण कुठं निघणार? तिकिटं शहादेवकडं, भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. हजारो माणसांच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या, आणि मग निमूटपणे सगळ्यांच्या मागून ट्रका बघायला गेल्या. काय बघितलं ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही.

परतीच्या वाटेवर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. जीपनं त्यांना फाट्यावर सोडलं. घ्यायला बंकट आला नव्हता. पिशवी घेऊन त्या पायी निघाल्या. वाटेत पारावर चौघेजण बसले होते. एरवी "आक्का, कुठनं?" असं विचारणारी माणसं, त्यांनी बोलणं थांबवलं, त्या पुढं गेल्यावर परत सुरू केलं.

घरी न जाता त्या आधी शेतात गेल्या. बांध मोडून पडला होता. ढेकळांत रुंद चाकांच्या चाकोऱ्या उठल्या होत्या, त्यात कडब्याच्या पेंढ्या चिरडल्या होत्या. पलीकडं मळ्यात राखेसारखी करडी माती उडून उसाच्या पानांवर बसली होती आणि त्या करड्या उसात पाणी सुटलं होतं. सरीतून पाणी वाहत होतं, दुपारच्या उन्हात चमकत होतं.

विहिरीच्या काठावर त्या ओणव्या झाल्या. तळाला चिखल होता. झऱ्याच्या जागी काळी ओली कपार दिसत होती, नुसती ओली. एक बेडूक चिखलात बसला होता आणि हलत नव्हता.

काठावर भामाबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. आलेली कधीची होती कोण जाणे.

"भामे, मला ठाव नव्हतं," छबुबाई म्हणाल्या.

भामाबाईनं कमरेचा मोबाइल काढला, बोटानं सरकवून सरकवून एक फोटो शोधला आणि छबुबाईंच्या तोंडासमोर धरला. काळ्या गाडीत छबुबाई बसल्या होत्या. पाठ टेकून. दारावर हात ठेवून अर्जुनराव वाकले होते. छबुबाई हसत होत्या.

"समद्या गावाकडं आलाय," भामाबाई म्हणाली. "इकडं हिरीचं पानी उतरलं आन तिकडनं ह्यो फोटो आला. आता लोकांनी काय समजायचं?"

"तू काय समजलीस?"

भामाबाईनं घागर कमरेवर घेतली. "मला पानी पायजे," एवढंच बोलून ती गेली.

तेव्हा छबुबाईंना सगळं कळलं. त्यांना दिल्लीला नेलं होतं ते नुसतं वाटेतून दूर करायला नाही. परत आल्यावर त्यांचं कुणी ऐकू नये, याचीही सोय तिथंच झाली होती. गाव का गप्प राहिलं ते आता उमगलं. ज्या बाईनं वाट अडवली होती, तीच चेअरमनच्या गाडीत बसून हसत होती. मग गावानं कुणाच्या जिवावर भांडायचं?

बंकट दिवेलागणीला घरी आला. आईला बघून दारातच थांबला.

"पाणी समद्यांचंच हाय म्हणले साहेब," तो आपणहून बोलायला लागला. "आपल्या एकट्याची हीर हाय का? बेणं मेलं तर कारखाना कायमचा बंद पडतोय माय. मंग मी काय करायचं? कर्नाटकात कोयता घेऊन ऊस तोडाया जायचं? पर्मनंट करत्यात मला."

"आन गाव?"

"टँकर येतंय की."

"कुणाचा?"

बंकट चपला काढायला वाकला. तालुक्यात टँकर कुणाचे चालतात हे लहान पोरालाही माहीत होतं.

"माझ्या हाताला धरून ओढलं त्येबी सांगा की आत्याला," अंजना आतून म्हणाली. बंकटनं मान वर केली नाही. दंडावरचे वळ छबुबाईंनी आधीच बघितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आणि अंजना केजला तहसीलीत गेल्या. तहसीलदार साहेब जागेवर नव्हते. दोघी व्हरांड्यात बसून राहिल्या. आलेगेलेले लोक छबुबाईंकडं बघून कुजबुजत. फोटो इथंही पोचला होता. दुपार कलल्यावर साहेब आले. छबुबाईंनी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः संचालक. तक्रार कारखान्याविरुद्ध करताय. नीट विचार केलाय का?"

"केलाय."

"गाडी तुमच्या शेतातून गेली. म्हणजे संमती तुमचीच धरणार. नाही तर वाट कुणी दिली त्याचं नाव जबाबात घालावं लागेल. आणि मग त्याच्यावर गुन्हा होईल."

अंजनानं सासूचा हात धरला. तो हात धीर द्यायला धरला होता की थांबवायला, ते छबुबाईंना कळलं नाही. त्यांना बंकटचं लहानपण आठवलं नाही, काही आठवलं नाही. आठवली फक्त ती गाडीतली शांतता.

"बंकट सुंदरराव," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा. बांध त्यानंच फोडला."

कारकुनानं लिहून घेतलं. छबुबाईंनी सही केली, खाली अंजनानंही केली.

पंचनामा झाला. मळ्यातल्या बोअरला लोखंडी झाकण बसवून सील ठोकलं. बघायला सारा गाव जमला होता, पण छबुबाईंच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. बंकट त्याआधीच घर सोडून गेला होता. पोलीस त्याला शोधायला आले ते एकदाच. नंतर कुणी आलं नाही. तो कारखान्याच्या विश्रामगृहात राहतो, असं लोक सांगत.

झाकण बसलं, पण विहिरीचं पाणी परत आलं नाही. छबुबाई रोज काठावर जाऊन ओणव्या होत. आधी कपार ओली दिसायची. मग ओल गेली आणि तिच्यावर पांढरी बुरशीसारखी खार फुटली. छावणीतली जनावरं लोकांनी हलवली, काही बाजारात नेली. काळी गाडी आली, ती सडकेवरून जाताना दिसे. पण काचा काळ्या असल्यानं हाकणारा कोण ते दिसत नसे.

एके दिवशी शहादेव मोटारसायकलवरून आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"साहेबांनी निरोप दिलाय," तो म्हणाला. "म्हणले, वैनींचा आपल्या मनात काय राग न्हाई. पुढल्या दौऱ्यालाबी त्यांनी यायचंच हाय. आन म्हणले, सूनबाईंना एकटीला लांब रानात पाठवत जाऊ नका. दिवस वाईट आलेत."

अगदी सरळ आवाजात त्यानं ते सांगितलं आणि मोटारसायकल वळवून निघून गेला.

छबुबाई दारातच बसून राहिल्या. अंजना आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बंकटच्या कपड्यांचं बोचकं होतं. मागच्याच आठवड्यात त्यानं कुणाकरवी मागवलं होतं आणि ते तसंच पडून होतं. तिनं ते ओसरीच्या कडेला ठेवलं.

"माहेरी जातीस का काही दिवस?" छबुबाईंनी विचारलं. "मी काय म्हणणार न्हाई. नवऱ्याकडं जायचं असलं तरी जा."

अंजनानं सडकेकडं बघितलं. टँकर यायची वेळ झाली होती आणि बायका आधीच हंडे घेऊन निघाल्या होत्या. त्यांच्यातली भामाबाई दारासमोर आली तशी चाल जरा मंद करून थांबल्यासारखी झाली, कुणाकडं न बघता.

"म्हशीला पाणी दाखवायचंय," अंजना म्हणाली, आणि मोठा हंडा सासूच्या हातात देऊन घागर तिनं स्वतः घेतली. "दोघी गेलो तर दोन खेपा वाचतील. चला."